शिखराची तारीख आधीच छापू नका

संपादक साहेब, नमस्कार.

मधे आपल्या पेपरात एका मोहिमेची बातमी वाचली. फोटो मस्त होता, मुलं उत्साही दिसत होती, सगळं छान, पण बातमीच्या तिसऱ्याच ओळीत शिखरावर पोचण्याची तारीख दिलेली. म्हणजे टीम अजून घरातून निघालेली नाही, बेस कॅम्पची जागा त्यांच्यापैकी कुणी डोळ्यांनी बघितलेली नाही, आणि अमुक तारखेला सकाळी समिट! वाचून जरा काळजीच वाटली म्हणून लिहायला बसलो. पत्र लांबणार आहे, जागा नसेल तर कापा, पण बर्फाचा आणि हवामानाच्या फोरकास्टचा भाग तेवढा ठेवा अशी विनंती.

यात तुमच्या वार्ताहराचा दोष नाही, प्रेस नोटमधेच तारीख असते. आणि ती येते कारण प्लॅनच उलट्या टोकाकडून केलेला असतो. रजा इतके दिवस, परतीचं तिकीट अमक्या दिवसाचं, परमिट अमुक तारखेला संपतं, त्यातून जायचे-यायचे दिवस वजा केले की जे उरतं त्यात चढाई बसवायची. कागदावर बसतेही छान. डोंगराला मात्र तुमची रजा मंजूर झाल्याचं कुणी कळवलेलं नसतं.

दुर्गम उंच शिखराच्या बाबतीत तारखेपेक्षा काळ ठरवावा लागतो, या आठवड्यापासून त्या आठवड्यापर्यंत असा, आणि त्या काळात नुसतं थांबायला भरपूर दिवस हाताशी ठेवावे लागतात. बाकी सगळं, म्हणजे रजा, तिकिटं, पोर्टर, रेशन, हे त्याच्या मागून. हे कुणाला पटत नाही असं नाही, पण खर्चाचा विषय आला की पहिली कात्री त्या रिकाम्या दिवसांवरच पडते.

आधी मोसमाचं बघू. हिमालयात मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे दोन सीझन सगळ्यांना पाठ असतात, पण का ते विचारलं की गाडी अडते. हिवाळाभर जेट स्ट्रीम, म्हणजे नऊ ते बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून वाहणारा जोरदार वाऱ्याचा पट्टा, हिमालयाच्या डोक्यावरच असतो, आठ हजारी शिखरं सरळ त्यात घुसलेली असतात आणि ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा हे तिथलं रोजचंच. मे महिन्यात दक्षिणेकडून मान्सून सरकायला लागला की हा पट्टा उत्तरेला, तिबेटच्या बाजूला जातो आणि मधे थोडे दिवस असे मिळतात की वारा पडलाय आणि पाऊस-बर्फ अजून आलेला नाही. एव्हरेस्टच्या बहुतेक चढाया मेच्या मधल्या आणि शेवटच्या दिवसांत होतात त्या याच फटीतून. १९५३ चंच बघा ना, २६ मेला इव्हान्स आणि बोर्डिलन मुख्य शिखराच्या अलीकडच्या दक्षिण शिखरापर्यंत गेले आणि वर शंभरेक मीटर उरलेले असताना परत फिरले, मग हिलरी आणि तेनसिंग साउथ कोल या शिखराखालच्या खिंडीवर थांबलेले तर २७ ला वाऱ्याने त्यांना दिवसभर तंबूतून हलू दिलं नाही, २८ ला वरचा कॅम्प लागला आणि २९ ला शिखर. मोहिमेचे नेते जॉन हंट यांच्या प्लॅनमधे दुसऱ्या जोडीसाठी माणसं, ऑक्सिजन आणि दिवस तिन्ही शिल्लक होते म्हणून २९ तारीख उजाडली.

पण हे एव्हरेस्टचं गणित उचलून सगळीकडे लावायचं नाही. काराकोरममधे मान्सूनचा जोर कमी पोचतो त्यामुळे के-टूवर लोक जुलैच्या शेवटी वर जातात, तेव्हा नेपाळच्या बाजूला धो धो चाललेलं असतं. गढवालचं कामेत, ७,७५६ मीटर, १९३१ मधे पहिल्यांदा चढलं गेलं ते २१ जूनला, म्हणजे मान्सून अगदी उंबरठ्यावर असताना. नंदादेवी तर २९ ऑगस्ट १९३६ ला, ऐन पावसाळ्यात! (म्हणून पावसाळ्यात जा असं मी म्हणत नाहीये, तेव्हा ते शिखर चढलेल्या टिलमन आणि ओडेलसारखी माणसं जे करतात ते सगळ्यांनी करायचं नसतं.) अलास्कातलं डेनाली मे ते मधला जुलै, त्यानंतर हिमनदीवरचे बर्फाचे पूल मऊ पडायला लागतात आणि खालच्या क्रेव्हास, म्हणजे हिमनदीतल्या खोल भेगा, उघड्या होतात. दक्षिण गोलार्धात अर्जेंटिनातल्या अकोन्काग्वाला डिसेंबर ते फेब्रुवारी. आणि डेनालीचं आणखी एक, ते ६३ अंश उत्तरेला आहे, ध्रुवाकडे वातावरणाची जाडी कमी होत जाते त्यामुळे ६,१९० मीटर असूनही तिथे हवेचा दाब हिमालयातल्या तेवढ्याच उंचीपेक्षा कमी भरतो, म्हणजे शरीराला डोंगर नकाशापेक्षा उंच लागतो. हिवाळ्यात दाब आणखी उतरतो. नुसता मीटरचा आकडा बघून 'हे तर साडेसहाच्याही खालचं, जमेल' असं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी बघावं.

मोठ्या नावाच्या शिखरांचं बरं असतं, शंभर टीम जाऊन आलेल्या असतात. एलिझाबेथ हॉली बाईंनी आयुष्यभर काठमांडूत बसून नेपाळमधल्या मोहिमांच्या नोंदी जमवल्या, तो हिमालयन डेटाबेस आज कुणालाही फुकट बघता येतो, कोण कुठल्या तारखेला कुठून परत फिरलं आणि का फिरलं ते सगळं त्यात आहे. दुर्गम शिखराला मात्र दोन-तीनच जुने रिपोर्ट मिळतात, कधी तेवढेही नाही. मग आजूबाजूच्या शिखरांचे रिपोर्ट वाचायचे, पण वाचताना तारीख आणि धारेची दिशा दोन्ही बघायची, कारण शेजारच्या शिखराची उत्तरेकडची भिंत आणि आपली दक्षिणेकडची धार यांचा एकमेकांशी फार संबंध नसतो. आणि जुने फोटो जपून वापरायचे. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या फोटोत जो बर्फाचा सरळ उतार दिसतो तिथे आता उघडा खडक आणि सुटे दगड असू शकतात, हिमनद्या मागे सरकल्यात, पातळ झाल्यात. त्यापेक्षा उपग्रहाची चित्रं बघा. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह साधारण दर पाच दिवसांनी तीच जागा टिपतात, दहा मीटरपर्यंतचा तपशील असतो, पैसे पडत नाहीत. गेल्या चार-पाच वर्षांची त्याच पंधरवड्यातली चित्रं शेजारी शेजारी लावली की बर्फाची रेषा कुठपर्यंत येते, क्रेव्हास कधी उघड्या पडतात, कुठल्या वर्षी उशिरापर्यंत बर्फ होता, हे घरबसल्या कळतं. याला एक संध्याकाळ लागते. टी-शर्टचा लोगो ठरवायला त्याहून जास्त लागते.

आता मुख्य मुद्दा. हवामान चांगलं असणं आणि डोंगर चांगल्या अवस्थेत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बातम्यांमधे, खरं तर बऱ्याच टीमच्या मीटिंगमधेसुद्धा, त्यांची सरमिसळ होते. आभाळ आजचं असतं. बर्फ मात्र गेल्या कित्येक आठवड्यांचा हिशोब पोटात घेऊन बसलेला असतो, कधी पडला, किती पडला, वारा कुठून होता, मधे ऊन पडून वरचा थर कडक झाला का, त्या थरावर पुन्हा किती साचला. चार दिवस हिमवर्षाव होऊन पाचव्या दिवशी निळंशार आभाळ उघडतं तेव्हा सगळ्यांचे पाय शिवशिवतात, कॅमेरे बाहेर येतात, आणि नेमका तोच दिवस वाईट असतो. हिमस्खलनं बर्फ पडत असताना आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत सगळ्यात जास्त होतात. त्यातही वाऱ्याने एका बाजूचा बर्फ उचलून धारेच्या पलीकडे, आडोशाच्या बाजूला नेऊन रचलेला असेल तर तिथे नुसत्या वाऱ्याने दुप्पट-तिप्पट थर बसतो, वरून एक कण पडलेला नसताना. उतार साधारण ३० ते ४५ अंशांचा असेल तर पत्र्यासारखा अख्खा थर सुटून येतो, आणि चढायला सोयीचे म्हणून आपण जे उतार निवडतो ते नेमके त्याच अंशांत बसतात.

हे तपासता येतं, आणि त्याला फार मोठी विद्या लागत नाही. उताराच्या कडेला, सुरक्षित जागी, फावड्याने मीटरभर खड्डा खणायचा, आतली भिंत सरळ तासायची आणि बोटांनी वरून खाली चाचपत यायचं. आधी मूठ आत जाते, मग चार बोटं, मग एकच बोट, मग पेन्सिल, असा थर घट्ट होत गेला तर ठीक. पण कडक थराच्या खाली अचानक बोट सहज आत गेलं आणि तिथून वाळूसारखे सुटे, चकचकीत दाणे घरंगळून खाली सांडायला लागले तर तो उतार त्या दिवशी सोडायचा. चालताना पायाखालून 'हूंफ' असा दबका आवाज आला आणि बर्फ जरासा खचल्यासारखा वाटला किंवा बुटापुढे सरळ चीर धावत गेली तर खड्डा खणायचीही गरज नाही, डोंगराने स्वतःच सांगितलंय. मला अशा वेळी 'अरे कालची टीम तर गेली इथून' म्हणणाऱ्यांचं नवल वाटतं. काल गेली, बरं झालं.

४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा-२ या ५,६७० मीटरच्या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी हिमस्खलनात सापडले, २७ मृतदेह मिळाले, दोघांचा पत्ता लागला नाही. कुणाची चूक हा इथे माझा विषय नाही आणि दूर बसून तो काढूही नये. पण ओळखीचं शिखर, शिकलेली-सवरलेली माणसं, ऑक्टोबरचा सीझन, हे सगळं असतानाही बर्फ सुटतो एवढं तरी लक्षात घ्यायला हवं. त्याच्याही कितीतरी आधी, १९३७ च्या जूनमधे, नंगा पर्बतवर रात्री झोपेत अख्खा कॅम्प हिमस्खलनाखाली गेला, सोळा माणसं गेली. म्हणजे रस्ता निवडला की काम संपत नाही, तंबू कुठे लावायचा हाही त्याच हिशोबातला प्रश्न आहे. आणि एकदा माणूस गाडला गेला की वेळ फार थोडा असतो, पहिली दहा-पंधरा मिनिटं खरी, पुढे आशा झपाट्याने खाली येते, तेवढ्यात बाहेरून मदत येणं दुर्गम डोंगरात शक्यच नाही. बीकन (गाडलेला माणूस कुठे आहे ते कळवणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं प्रत्येकाजवळ हवं आणि वापरायचा सराव हवा. बीकन बेस कॅम्पला बॅगेत ठेवून वर गेलेले महाभाग मी बघितलेत, त्यावर काय बोलायचं.

उष्णतेचंही तसंच. ३ जुलै २०२२ ला इटलीत मार्मोलाडावर हिमनदीचा मोठा तुकडा तुटून खाली आला आणि अकरा जण गेले, आदल्या दिवशी शिखरावर १० अंश तापमान नोंदलं गेलं होतं. हवा बघायला गेलात तर सुंदर! म्हणून फोरकास्टमधे नुसता पाऊस आणि वारा न बघता शून्य अंशाची पातळी, म्हणजे तापमान शून्य असतं ती उंची, रात्री कुठपर्यंत खाली येते ते बघायचं. रात्री बर्फ नीट गोठत नसेल तर पहाटे दोनला निघूनही उपयोग नाही, पूल मऊ, दगड सुटे, आणि ऊन लागलं की वरून दगडांची गोळाबारी सुरू.

आता फोरकास्ट. मोबाईलवर शिखराचं नाव टाकलं की सूर्य नाहीतर ढगाचं चित्र येतं, त्यावर विसंबून चढाई ठरवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. हवामानाची जी जागतिक मॉडेल असतात ती पृथ्वीचे चौकोन पाडतात, सगळ्यात चांगल्यातल्या एका मॉडेलचा, युरोपियन मॉडेलचा, चौकोन साधारण नऊ किलोमीटरचा. त्या चौकोनात शिखर, खिंड, दरी सगळ्याची सरासरी होते, त्यामुळे मॉडेलमधला डोंगर खऱ्या डोंगरापेक्षा हजार-दीड हजार मीटर बुटका असू शकतो आणि तिथला 'जमिनीवरचा वारा' म्हणजे आपल्या शिखरावरचा वारा नव्हेच. त्यापेक्षा दाबाच्या पातळीवरचा वारा बघायचा, ५०० हेक्टोपास्कल (हवेचा दाब मोजायचं माप) म्हणजे साधारण साडेपाच हजार मीटर, ४०० म्हणजे सात हजारांच्या थोडं वर, ३०० म्हणजे नऊ हजारांच्या आसपास. आपलं शिखर कुठल्या दोन पातळ्यांच्या मधे येतं ते एकदा काढून ठेवलं की झालं. ताशी ५० किलोमीटर वारा आणि उणे २० तापमान असेल तर उघड्या कातडीला ते उणे ३५ सारखं लागतं, बोटं जायला तेवढं पुरे, मग आभाळ कितीही निरभ्र असो.

दुसरं म्हणजे एकच आकडा बघू नका. तेच मॉडेल सुरुवातीला थोडे थोडे बदल करून अनेकदा चालवतात, त्या सगळ्या रेषा एका चित्रात येतात. रेषा एकमेकींना चिकटून असतील तोवर भरवसा ठेवायला हरकत नाही, जिथून त्या पिंजारल्यासारख्या फाकतात तिथून पुढे सगळे अंदाजच. साधारण पाच-सहा दिवसांपुढे फाकतातच. म्हणजे घरी बसून महिन्याभराने येणाऱ्या दिवसाचं हवामान जगातल्या कुणालाच सांगता येत नाही, मग ती प्रेस नोट लिहिणाऱ्याला कसं आलं! एवढं मात्र घरी बसून करता येतं, की ईआरए-५ नावाच्या नोंदसंचात १९४० पासूनचं तासातासाचं हवामान परत रचलेलं आहे, त्यातून आपल्या शिखराच्या उंचीवरचा गेल्या वीस वर्षांतला वारा काढायचा आणि सलग तीन शांत दिवस कुठल्या आठवड्यात किती वेळा मिळाले ते मोजायचं. आपला काळ ठरवायला यापेक्षा चांगलं साधन मला तरी माहीत नाही, आणि टीममधे कॉम्प्युटरवाली पोरं असतातच की.

धोका नेहमी जवळून येतो असंही नाही. ऑक्टोबर २०१४ मधे हुडहुड चक्रीवादळ १२ तारखेला विशाखापट्टणमला धडकलं आणि त्याचा उरलेला पसारा १४ ला नेपाळमधे अन्नपूर्णाच्या बाजूला पोचला, थोरोंग ला खिंडीच्या परिसरात प्रचंड बर्फ पडला, चाळीसहून जास्त माणसं गेली. तो नेपाळमधला ट्रेकिंगचा सगळ्यात भरवशाचा महिना. समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की दोन-तीन दिवसांनी तो आपल्या तंबूवर असू शकतो हे डोक्यात ठेवून बंगालच्या उपसागराची बातमीही वरच्या कॅम्पपर्यंत पोचवायची सोय हवी. पश्चिम हिमालयात तेच काम वेस्टर्न डिस्टर्बन्स, म्हणजे पश्चिमेकडून येणारे वादळी पट्टे, करतात.

आणि बाहेरून काहीच कळत नसेल तर हातातलं घड्याळ आहे. उंची दाखवणारी घड्याळं हवेच्या दाबावर चालतात, त्यामुळे तंबू जागच्या जागी असताना रात्रीत उंची वाढलेली दिसली तर आपण चढलेलो नाही, दाब पडलाय. पाच हजार मीटरच्या आसपास एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण चौदा मीटर, तेव्हा सकाळी घड्याळ चाळीस-पन्नास मीटर जास्त दाखवत असेल तर तीन-साडेतीन हेक्टोपास्कल उतरलेत, सावध व्हायचं. फक्त रोज एकाच वेळेला वाचायचं, कारण दाब दिवसातून असाही वरखाली होत असतो, सकाळी दहाचा आकडा दुपारी चारशी लावून बघितलात तर उगाच घाबराल. त्याच्या जोडीला डोळे, शिखराच्या टोकावर बर्फाची लांब शेपटी उडतेय का, शेजारच्या शिखरावर भिंगाच्या आकाराचा गुळगुळीत ढग टोपी घालून बसलाय का. अकोन्काग्वावर तो ढग बसला की तिथले गाईड वर कुणाला सोडायला फारसे राजी नसतात.

हे सगळं जुळून विंडो, म्हणजे चढाईला योग्य असे थोडे दिवस, आली आणि टीमच तयार नाही, हेही होतं बरं का. शरीराला उंचीची सवय व्हायला लागणारे दिवस वाटाघाटीने कमी होत नाहीत. तीन हजारांच्या वर गेलं की झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, तीन-चार दिवसांनी एक मुक्काम तिथेच करावा, हे डॉक्टर मंडळी कधीपासून सांगतायत, साडेपाच हजारांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्माच उरतो. म्हणून खराब हवेचे दिवस खालच्या कॅम्पांवर ये-जा करण्यात, सामान वर टाकून परत खाली झोपायला येण्यात घालवायचे आणि विंडो उघडेल तेव्हा माणसं विश्रांती घेऊन बेस कॅम्पवर तयार हवीत. तारखेवर चालणाऱ्या टीमचं उलटं होतं, चांगल्या हवेत लोड फेरी करून दमतात आणि दमलेले असतानाच खराब हवेत समिटला निघतात, कारण तिकीट. डोकं दुखतंय, उलटी होतेय, तोल जातोय, बसल्या जागी धाप लागतेय तर खाली, चर्चा नाही.

दुर्गमपणाचं थोडक्यात सांगतो. ट्रेकिंगच्या वाटेवर एका दिवसाचा उशीर म्हणजे एक दिवस, इथे तसं नसतं. हिमनदीतून निघणारी नदी पहाटे गुडघाभर असते आणि दुपारी-संध्याकाळी बर्फ वितळून कंबरेपर्यंत येते, मग क्रॉसिंग चुकलं की तो दिवस गेला. पोर्टर ठरलेल्या दिवशी न्यायला येणार असतील तर त्यांना पुढची तारीख कळवायची कशी? भारतात दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन वापरता येत नाही, तो अर्ज घरातूनच वेळेत करावा लागतो, बेस कॅम्पवर आठवून उपयोग नाही. हेलिकॉप्टर येईल हे धरून चालू नका, आलं तर आलं. डेनालीवर विमानाने हिमनदीवर सोडतात तिथे लोक उतरल्या उतरल्या थोडं अन्न आणि इंधन खुणेची काठी लावून बर्फात पुरून ठेवतात, परतताना हवा बिघडून विमान आठवडाभर आलं नाही तर खायला असावं म्हणून. आमच्याकडे रेशनची यादी परतीच्या दिवसाच्या जेवणावर संपते.

समिटच्या दिवसाबद्दल एकच गोष्ट. विंडो सगळ्यांनाच दिसते. के-टूवर १ ऑगस्ट २००८ ला तेच झालं, बरेच दिवस खराब हवेत अडकलेल्या टीम एका चांगल्या दिवसाची वाट बघत होत्या, सगळ्या एकदमच निघाल्या, बॉटलनेक या शिखराजवळच्या अरुंद घळीत खोळंबा झाला, कित्येक जण शिखरावर पोचेपर्यंत संध्याकाळ झाली आणि उतरताना वरच्या टांगत्या हिमकड्याचे तुकडे कोसळून दोर तुटले. अकरा जण गेले. हवा शेवटपर्यंत चांगली होती! एव्हरेस्टवर १० मे १९९६ ला उलटं, दुपारी एक-दोनपर्यंत फिरायचं असं बोलणं झालेलं असताना त्यानंतरही लोक वर जात राहिले आणि वादळात आठ जण गेले. परत फिरायची वेळ कागदावर असून भागत नाही, ती पाळायला लावणारा माणूस ठरलेला हवा, आणि शक्यतो तो खाली रेडिओवर बसलेला हवा, कारण वर पातळ हवेत शिखर दोनशे मीटरवर दिसत असताना भल्याभल्यांचं गणित चुकतं.

म्हणून आपल्याला विनंती. मोहीम निघताना बातमी जरूर छापा, कौतुकही करा, पण शिखराची तारीख विचारू नका आणि दिली तरी छापू नका. एकदा छापली की ती टीमच्या डोक्यावर बसते, घरचे त्या दिवशी फोनजवळ बसून राहतात, पैसे देणारे दुसऱ्या दिवशी झेंड्याचा फोटो मागतात, आणि सहा हजारांवर बर्फात उभ्या असलेल्या लीडरला बर्फाबरोबर यांचाही विचार करावा लागतो. त्याऐवजी थांबायला किती दिवस ठेवलेत, फोरकास्ट वर कोण आणि कसं पोचवणार आहे, आणि परत फिरा म्हणायचा अधिकार कुणाचा आहे, एवढं विचारा. उत्तरं गडबडली तर तीही छापा.

आणि टीम परत आल्यावर, शिखर झालेलं असो वा नसो, वार्ताहराला जरा बसवून घ्या त्यांच्याजवळ. बर्फ कसा होता, कुठल्या उंचीवरून फिरले, रात्री गोठत होतं का, नदीला पाणी किती होतं, कुठल्या तारखांना वारा पडला. दुर्गम शिखराबद्दल अशी माहिती कुठेच मिळत नाही आणि पुढच्या वर्षी त्या बाजूला जाणारा कुणीतरी तुमचा पेपर कापून ठेवेल. सत्काराचा एखादा फोटो कमी आला तरी चालेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक जुना वाचक आणि गिर्यारोहक